डाव्या खांद्याचा दस्ता

त्या शनिवारी सकाळी मी बूट घालून, थर्मास भरून, नकाशाचे पुस्तक मांडीवर घेऊन दारालगतच्या खुर्चीत बसलो होतो. आम्हाला हेक्समला जायचे होते. रघू साडेनऊला यायचा आणि हॉर्न न वाजवता नुसती गाडी उभी करून वाट पाहायचा, कारण लीड्समधल्या आमच्या गल्लीत हॉर्न वाजवलेला शेजाऱ्यांना आवडत नाही आणि मला तर मुळीच आवडत नाही. दहा वाजून गेले. उशिराबद्दल त्याला काय काय ऐकवायचे याची मनाशी जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात फोन वाजला. रघूची मुलगी मीनल रीडिंगहून बोलत होती. "काका, बाबा गेले. रात्री झोपेतच. शेजारच्या मिसेस हॉलकडे किल्ली असते ना, त्यांना आत्ता कळलं." मी म्हणालो, "असं कसं? आम्हाला हेक्समला जायचंय." फोन ठेवल्यावर दुपारपर्यंत मी पायांतले बूट काढले नव्हते.

याला आता दोन महिने होत आले. मधल्या काळात इथल्या मंडळाने शोकसभा घेतली, आणि त्या सभेत डॉ. रघुनाथ टिपणीस या नावाने जो कोणी गृहस्थ उभा करण्यात आला त्याला मी ओळखत नाही. अध्यक्ष म्हणाले की, पत्नीच्या निधनानंतर डॉक्टर एकाकी झाले, त्यांच्या मनाने एक ध्यास घेतला, आणि मोडलेल्या बंदुकीच्या लाकडासाठी ते इंग्लंडभर भटकत राहिले; ते लाकूड त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. एका वहिनींनी सांगितले की, हरणाचे डोळे पाहून डॉक्टरांना उपरती झाली आणि त्यांनी मांसाहार सोडला. तिसऱ्या एका गृहस्थांच्या मते डावखुरी रायफल वापरणे ही डॉक्टरांची 'स्टाइल' होती. मी उठून बोलणार होतो, पण शेजारी बसलेल्या मीनलने माझी बाही धरली म्हणून बसून राहिलो. त्या दिवशी जे बोललो नाही ते आता लिहितो. रघूला मी तरुणपणापासून ओळखत होतो, आणि त्याच्याशी माझ्याइतका वाद कोणी घातलेला नाही. मला तेवढा अधिकार आहे.

डावखुरेपणाचे आधी सांगतो. रघू सांगलीकडचा. वडील शाळामास्तर. त्या काळी डावखुऱ्या मुलाचे जे करीत ते त्याचेही झाले. लिहिणे उजव्या हाताने, जेवणे उजव्या हाताने, पाटावर बसल्यावर डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचा. पुढे तो भूलतज्ज्ञ होऊन इकडच्या रुग्णालयात आला तेव्हा त्याचे दोन्ही हात सारखेच चालत, आणि लोकांना त्याचे कौतुक वाटे. मला वाटत नसे. आमची ओळख झाली तीच या हातावरून. मंडळाचा गणेशोत्सव होता, आरती झाली, आणि रघूने बोलण्याच्या नादात प्रसादासाठी डावा हात पुढे केला. वाटणाऱ्या आजींनी आपला हात मागे घेतला. मी तिथेच विषय काढला. हात कुठला हे गणपतीला विचारले आहे काय, इथपर्यंत गेलो. मी रंगात आलो असताना रघूने मुकाट्याने उजवा हात पुढे केला, पण तोवर ताट पुढे गेले होते. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "दामले ना तुम्ही? भांडलात झकास. पण माझे पेढे गेले." त्या दिवसापासून आम्ही अरे-तुरेवर आलो.

त्याच्या रुग्णालयात एक स्कॉटिश सर्जन होते. ते दर हिवाळ्याच्या तोंडाला हायलँड्समध्ये हरणांच्या मागावर जात. तिकडे डोंगरावर हरणे फार वाढली की झाडोरा उरत नाही आणि मग हरणेही उपाशी मरतात, म्हणून ठरावीक हंगामात, परवान्याने, जाणत्या माणसाला बरोबर घेऊन ती मारतात. रघू त्यांच्याबरोबर गेला. त्यांनी दिलेली रायफल अर्थात उजव्या हाताची होती. रघूचा नेम डाव्या खांद्यावरून, डाव्या डोळ्याने. पण गोळी भरण्याचा बोल्ट बंदुकीच्या उजव्या अंगाला, म्हणजे प्रत्येक वेळी नेम मोडून हात पलीकडे न्यायचा. मास्तरांनी मांडीखाली दाबून ठेवलेला हात इथेही अवघडलेलाच. दोन हंगाम त्याने तसे काढले आणि मग डावखुऱ्यांसाठी बनवलेली रायफल घेतली. तिचा बोल्ट डावीकडे होता, आणि अक्रोडाच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी भागावर, गाल टेकायचा उंचवटा उजव्या बाजूला. ती आणल्याच्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दामले, माझ्या बाजूनं बनवलेली वस्तू आयुष्यात पहिल्यांदा हातात आली रे." याला ज्यांना स्टाइल म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे.

मी कधी बंदूक हातात घेतली नाही आणि मटणही खात नाही. तरीही दर ऑक्टोबरला मी त्याच्याबरोबर जात असे. तो डोंगरावर असताना पायथ्याच्या झोपडीत शेगडीपाशी वाचत बसायचे, आणि तो परतला की, वारा कुठून होता, हरीण कसे निसटले, हे सारे ऐकून त्यात चुका काढायच्या, हे माझे काम. परत आल्यावर रघूची बायको, सुधावहिनी, त्या मटणाला सांगलीचा मसाला लावून कुकरला लावत, आणि आमच्या घरी वास येऊ नये म्हणून माझी बायको नलिनी आमटीभात करून तिकडेच घेऊन येई. वहिनी मला म्हणत, "भावजी, खायचं नाही तर निदान शिट्ट्या तरी मोजा." मी मोजत असे. उपरतीचे म्हणाल, तर रघूच्या माघारी मीनलने फ्रीझर उघडला तेव्हा वरच्याच कप्प्यात त्या सर्जन मित्राने धाडलेली हरणाची तंगडी निघाली. ती मी स्वतः पाहिली आहे.

सुधावहिनी दोन हजार एक साली गेल्या. त्यानंतरही आम्ही जात राहिलो. तीन वर्षांनी एका ओढ्याच्या ओल्या दगडांवरून रघूचा पाय घसरला. तो पडला तो रायफलवरच. गुडघा सुजला, आणि दस्ता मानेपाशी उभा तडकला. हाताच्या पकडीसाठी लाकूड जिथे निमुळते होते त्या जागेला आम्ही मान म्हणत असू. एकदा मान तडकली की दस्ता गेला, कारण गोळीचा सारा धक्का तिथे येतो. झोपडीत परतल्यावर रघूने गुडघ्याकडे पाहिले नाही. चिरेवरून बोट फिरवत म्हणाला, "कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय. उजव्या हाताचे मिळतील पन्नास." मी म्हणालो, "मग प्लॅस्टिकचा घे." त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी नलिनीखेरीज कोणाच्या डोळ्यांत पाहिलेली नव्हती.

त्याच हिवाळ्यात नलिनी गेली. त्याविषयी मी लिहिणार नाही. मी घराबाहेर पडेनासा झालो असे लोक सांगत फिरत. ते खोटे आहे. मी वाचत होतो. मंडळाच्या सभांना जाणे सोडले, कारण तिथे वाद घालण्याच्या लायकीचे कोणी उरले नव्हते. कौन्सिलने आमच्या रस्त्यावरची जुनी झाडे तोडली तेव्हाही मी पत्र लिहिले नाही; आयुष्यभर कौन्सिलच्याच रस्ते विभागात नोकरी केल्यामुळे त्या पत्रांचे काय होते ते मला माहीत होते, इतकेच. मार्च उजाडला आणि एका सकाळी रघू दारात उभा राहिला. "बूट घाल. डार्लिंग्टनला एका दुकानात दस्ता बघायचाय. मी गाडी चालवतो, नकाशा तू वाच." मी म्हणालो की हल्ली गाडीला बोलणारे यंत्र लावतात, ते घे. तो म्हणाला, "त्या बाईशी भांडता येत नाही रे." मी बूट घातले. मोठ्या घरात एकटा राहणारा माणूस, मोडक्या गुडघ्याचा. त्याला सोबतीची गरज आहे हे मला दिसत होते. एकदा, फक्त एकदाच पुन्हा डोंगरावर जायचे आहे, असे तो म्हणाला होता. नाही कसे म्हणणार?

अशा रीतीने आमचे शनिवार सुरू झाले आणि तीन वर्षांहून अधिक काळ चालले. तडकलेला दस्ता रायफलवरून उतरवून, जुन्या टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलेला असे, मापासाठी नमुना म्हणून; संध्याकाळी तो माझ्याकडे उतरवून ठेवायचा. रायफल घरच्या पोलादी कपाटात. ती घेऊन गावोगाव फिरणे बरे नव्हे असे रघू म्हणे, आणि कपाटाची किल्ली कुठे असते हे तो नियमाप्रमाणे कोणालाही सांगत नसे, मलाही नाही. आम्ही बंदुकांची दुकाने पाहिली, सुतारांची पाहिली, शेतकऱ्यांच्या लिलावात जुन्या सामानाचे ढीग उपसले. डार्लिंग्टनचा दुकानदार म्हणाला, "डॉक्टर, उजव्या हातानं का नाही शिकत? सवयीचा प्रश्न आहे." रघू हसला. "माझे वडीलही हेच म्हणायचे." मला हसू आले नाही. मी त्या दुकानदाराला अर्धा तास धारेवर धरले. डावखुऱ्या गिऱ्हाइकाला उजवा माल गळ्यात मारणे हा कुठल्या धंद्याचा न्याय, इथपासून सुरुवात करून मी त्याच्या दारावरच्या पाटीतली चूकही दाखवून दिली. गाडीत बसल्यावर रघू हसून हसून खोकायला लागला. "पाटी कशाला रे काढलीस?" "चूक होती म्हणून." "बरं केलंस," तो डोळे पुसत म्हणाला. "आता भूक लागली असेल. डबा उघड."

डबे तो दोन आणायचा. थालीपीठ, कधी मुगाची खिचडी, लोणच्याची फोड. बायको गेल्यावर तो स्वयंपाक शिकला होता, आणि शिकलेले दाखवायची हौस कोणाला नसते, म्हणून मी खात असे. संध्याकाळी मला सोडायला आला की बाथरूमच्या निमित्ताने घरात शिरायचा, जाताजाता माझा फ्रीज उघडून पाहायचा आणि सिंकमधले कप विसळून ठेवायचा. त्याच्या स्वतःच्या घरी धड काही नसते म्हणून हा डोकावतो, असे मी समजत असे. एकदा तसे बोलूनही दाखवले. तो म्हणाला, "हो रे, घरी काही नाहीये," आणि जाताना दुधाची नवी बाटली फ्रीजमध्ये ठेवून गेला.

दस्ता मिळत नव्हता ही अध्यक्षांची समजूत. तो मिळत होता. नॉर्थम्बरलंडमध्ये एका शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठारात, पोत्यांमागे, अक्रोडाचा, डाव्या हाताचा, आमच्याच मॉडेलचा दस्ता निघाला. शेतकऱ्याच्या मेलेल्या भावाचा. मी टॉवेल सोडून जुना दस्ता शेजारी ठेवला. जुळे भाऊ वाटावेत इतके सारखे. रघूने तो उचलला, खांद्याला लावला, गाल टेकला, मानेवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "नाही. मान जाड आहे." मी म्हणालो, "कुठे जाड आहे?" "तुला नाही कळणार. तू उजवा." परतीच्या वाटेवर न्यूकॅसल मागे पडेपर्यंत मी त्याच्याशी भांडत होतो. हीच गत लडलोला झाली. तिथल्या एका तरुण कारागिराने नव्या लाकडातून दस्ता कोरून देतो म्हटले, नमुन्याला केलेला एक दाखवला; रघूने हात फिरवला आणि तेच उत्तर दिले. मान जाड आहे. मी त्याला हेकट म्हणालो, म्हातारचळ लागला आहे म्हणालो. तो ऐकून घेत गाडी चालवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पुढच्या शनिवारी केल्सोला एक लिलाव आहे म्हणे. रस्ता बघून ठेव." एकदा मी नकाशात वेन्स्लीडेलमधले एक गाव दाखवले. घरापासून तासाभरावर, तिथे बंदुकांचे जुने दुकान आहे, मग आपण स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत का धावतो? "तिथं बघून झालंय," रघू म्हणाला. त्याने पान उलटले. मी पुढे विचारले नाही.

मालक गेल्यावर रायफल घरात ठेवता येत नाही. परवाना असलेल्या दुकानदाराने ती ताब्यात घ्यायची असते. मीनलने सगळी व्यवस्था केली आणि आपल्या इथे वाढलेल्या मराठीत मला म्हणाली, "काका, तुम्ही या. मला तो रायफल एकटीला बघवणार नाही." एक पोलीस अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर आर्थर नावाचे वयस्क दुकानदार, वेन्स्लीडेलचे. किल्ली मीनलला ठाऊक होती. कपाट उघडले. आर्थरनी रायफल बाहेर काढली, आणि ती अखंड होती. काळसर अक्रोडाचा दस्ता, तेल पाजलेला, उंचवटा उजवीकडे, मानेवर चीर नाही. मी म्हणालो, "ही त्याची नव्हे. त्याचा दस्ता मोडलेला आहे. तो माझ्या घरी आहे." आर्थर म्हणाले, "त्यांचीच आहे, सर. हा दस्ता मीच बसवला. डॉक्टर मोडकी रायफल घेऊन आले ना, त्यानंतरच्याच वसंतात." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "नकाशावाले मित्र ते तुम्हीच का?"

मी त्यांना सांगितले की त्यांची काहीतरी चूक होते आहे. त्या वसंतापासून आम्ही हाच दस्ता शोधत होतो, दर शनिवारी, आणि साक्षीला मी आहे. माझा आवाज चढला असावा, कारण पोलीस अधिकारी खिडकीबाहेर पाहू लागले. आर्थरनी वाद घातला नाही. "शक्य आहे, सर," एवढेच म्हणाले, रायफल पिशवीत घातली आणि सही केली. ते गेल्यावर मीनलने चहा केला. मी विचारले, "तुला माहीत होतं?" ती खाली बघत म्हणाली, "हो काका. बाबांनी सांगितला होता. त्यांचा गुडघा तर गेलाच होता, ते परत डोंगरावर जाणारच नव्हते." "मग हे सगळं कशासाठी?" ती थांबली. तिला मराठी शब्द जुळवायला वेळ लागतो, पण या वेळी तेवढ्यासाठी थांबली असे वाटत नाही. "बाबा म्हणायचे, नलूकाकू गेल्यापासून दामले कोणाशी भांडत नाहीये. दामले भांडत नाही म्हणजे तो बरा नाहीये. घरी आता कोणी नाही, मग दुकानात नेतो."

माझ्या हातात चहा होता. तो मी प्यायलो.

तेव्हा अध्यक्षांनी कृपया नोंद घ्यावी: दस्ता मिळाला होता, आणि भटकणारा एकाकी माणूस ज्याला ते समजत होते, तो रघू नव्हता. पण म्हणून मीनलची हकिकत मी जशीच्या तशी मान्य करतो असे नव्हे. दयेपोटी माणूस चार शनिवार काढेल, सहा काढेल. डार्लिंग्टनच्या पाटीवर हसताना त्याच्या डोळ्यांतून आलेले पाणी दयेचे नव्हते. लिलावाच्या ढिगात तो हात घालायचा तो खरोखर शोधणाऱ्यासारखा. सुधावहिनी गेल्यावर त्याच्या घरातही शनिवार उजाडत होताच. आणि हेक्सम त्यानेच ठरवले होते, शुक्रवारी संध्याकाळी फोनवर म्हणाला, "उद्या जरा लांब आहे हं, थर्मास मोठा घे." हे बोलणारा माणूस कोणावर उपकार करत होता असे मला वाटत नाही. दोघे एकमेकांना सांभाळत होतो, अशी तडजोड मीनलने परवा फोनवर सुचवली. मला ती गुळमुळीत वाटते. यात कोणीतरी एक बरोबर असला पाहिजे. कोण, ते ज्याला विचारायचे तो उत्तर न देता गेला, आणि मी माझी बाजू कितीही बिनतोड मांडली तरी ती फेटाळायला समोर कोणी नाही...

जुना दस्ता माझ्याकडेच आहे. कायद्याने ते नुसते लाकूड; त्याला परवाना लागत नाही. मीनल म्हणाली, "ठेवा काका." दाराजवळच्या टेबलावर, त्याच टॉवेलात तो असतो. शनिवारी सकाळी मी थर्मास भरतो, बूट घालतो आणि खुर्चीत बसतो. साडेनऊच्या सुमारास गल्लीत एखादी गाडी थांबते, ती शेजाऱ्यांची असते. मग मी टॉवेल सोडतो. उजव्या खांद्याला तो बसत नाही, उंचवटा नेमका नको त्या अंगाला येतो. डाव्या खांद्याला लावावा लागतो. गाल टेकला की कळते, तिथले लाकूड झिजून किती मऊ झाले आहे. चिरेच्या कडेने मी मानेवरून अंगठा फिरवतो, तो फिरवायचा तसा, आणि मोठ्याने म्हणतो, "रघू, त्या कोठारातल्याची मान अगदी अशीच होती. मुळीच जाड नव्हती." एवढे बोलून मी थांबतो. वाद घालणाऱ्याने समोरच्याला त्याची पाळी द्यायची असते.